लिंबाखालची पंगत

आमच्या गावात वर्षभर खोटं बोलायला मुभा होती, एक दिवस सोडून. तो दिवस चंपाषष्ठीचा. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी खंडोबाच्या माळावर अख्खं गाव जेवायला बसायचं, आणि पंगत बसण्याआधी मिसरूड फुटलेल्या प्रत्येक पुरुषाला भंडार उचलावा लागायचा. भंडार म्हणजे देवापुढची हळद. वाघ्या ताट घेऊन समोर यायचा. आपण चिमूटभर हळद उचलायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "देवापाशी माझं काही झाकलेलं न्हाई," ती कपाळाला लावायची आणि आत जाऊन बसायचं. ज्याचं काही झाकलेलं असेल त्यानं ते तिथंच उघडं करायचं. म्हणून आदल्या दिवशी गावात भारी धावपळ चालायची. कुणी शेजाऱ्याचा कोरलेला बांध गुपचूप सरळ करून यायचा, कुणी मागून आणलेली आणि परत द्यायची विसरलेली कुऱ्हाड नेऊन ठेवायचा. खंडोबाला आमच्याकडं पोलीसपाटलापेक्षा जास्त काम असायचं.

अख्खं गाव म्हणताना आम्ही शेतकऱ्यांची घरं तेवढी धरायचो. वेशीबाहेरच्या वस्तीची आणि तांड्याची गणती त्यात नसायची, आणि हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला खटकतही नसे. गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून दोन कोसांवर, वऱ्हाडाच्या हद्दीला चिकटून. मुलूख निजामाचा, पण सोयरिकी अर्ध्या वऱ्हाडात. हिंगोलीला जायचं तर पहाटे निघून पायी.

त्या पंगतीत एक माणूस मात्र आमच्याच आळीतला असून बसत नसे. तो माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. आम्ही त्यांना काका म्हणायचो. देवळाच्या आवाराबाहेर एक लिंब होता. त्याच्या बुडाशी काका पाठ ताठ करून बसायचे, पुढ्यात फौजेतून आणलेली तामचिनीची थाळी, पांढरी, कडेला निळी रेघ. पंगत अर्धी झाली की वाढपी बाहेर जाऊन दोन हात वरून त्यांच्या थाळीत भाकरी टाकायचा आणि भरताचा गोळा सोडायचा. तो गोळा कधी थाळीत पडायचा, कधी मातीत. काका मातीतला उचलून झाडाच्या मुळाशी ठेवायचे आणि थाळीतला खायचे. खाऊन झालं की थाळी स्वतः धुवायचे, काखेत मारायचे आणि कुणाशी न बोलता घरी जायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी घोडा खाल्ला होता.

पहिल्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडं गेले होते. पलटणीत घोड्यांची देखभाल करायचे. तिथं तुर्कांनी त्यांच्या फौजेला वेढा घातला, पाच महिने कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. धान्य संपलं. मग घोडे मारायला लागले. आधी आपल्या लोकांनी हात लावला नाही. गवत उकडून खाल्लं, चामडं चघळलं. शेवटी माणसं उभ्या उभ्या पडू लागली तेव्हा खाल्लं. त्यांनी खाल्लेला पहिला घोडा त्यांच्याच राखणीतला होता. वेढा मोडला नाही, फौज शरण गेली, दोन वर्षं कैदेत काढली. घरी आले तेव्हा बायको मानमोडीच्या साथीत जाऊन वर्ष होत आलं होतं. लेकरूबाळ नव्हतंच.

त्या वर्षीच्या चंपाषष्ठीला वाघ्यानं ताट पुढं केलं. काकांनी चिमूट उचलली आणि पुन्हा ताटात ठेवली. म्हणाले, "माझं झाकलेलं हाय." आणि सगळं सांगितलं. त्याच लढाईतून परत आलेले आसपासच्या गावांत आणखी दोघं-तिघं होते. त्यांनी बिनबोभाट हळद लावली आणि भाकरी मोडली. काकांना ते जमलं नाही. आता घोडा म्हणजे खंडोबाचं वाहन. आमच्या देव्हाऱ्यातला देवसुद्धा घोड्यावर बसलेला. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाटलांनी पंचांशी बोलून निवाडा केला: गोदावरीत अंघोळ करा, देवाला चांदीचा घोडा वाहा, गावाला जेवण घाला, आणि आत या. फार कडक नव्हता तो निवाडा. काका म्हणाले, "अंघोळ करतो. जेवण घालतो. पर पाप केलं असं म्हणणार न्हाई. ज्यानं मला जगवलं त्याला पाप कसं म्हणू?" पाटील म्हणाले, मग बाहेर बसा. काका बाहेर बसले.

ही गोष्ट मला आईनं सांगितली होती, चुलीपुढं, हळू आवाजात. आम्ही पोरं त्यांच्या मागं जाऊन खिंकाळायचो. मीही खिंकाळलो आहे, आणि सगळ्यांत हुबेहूब. ते वळून बघायचेसुद्धा नाहीत. माझा स्वभाव मुळातच आडमुठा, कुणी चिडलं नाही तर मला जास्तच चेव यायचा. एकदा मी त्यांच्या अगदी पाठीशी जाऊन खिंकाळलो तेव्हा ते न वळता म्हणाले, "असं न्हाई. घोडं असं फक्त भुकेलं असलं तरच वरडतं." पुन्हा मी ते केलं नाही.

दुसरी लढाई लागली आणि भरतीवाले हिंगोलीला आले तेव्हा मी विशीचा होतो. वडिलांशी माझं पटत नव्हतं, थोरला भाऊ शेत सांभाळत होता, आणि घरात मी म्हणजे जेवायला पुढं, कामाला मागं. रागाच्या भरात नाव घातलं. वडील बोलले नाहीत, आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. निघायच्या दिवशी पोचवायला कुणी आलं नाही. आले ते काका. काठी टेकत माझ्याबरोबर हिंगोलीपर्यंत चालले. वाटेत एक अक्षर नाही. गाडी आली, मी डब्यात चढलो, तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "हे बघ. तिकडं जे खाशील, जे करशील, ते गावाला सांगू नको. गावाला ऐकायला तकलीफ होते."

मी हो म्हणालो. मला वाटलं, म्हातारा काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय.

आधी बेळगाव, मग आसाम, मग ब्रह्मदेश. मला पलटणीच्या खेचरांवर दिलं. शेतकऱ्याचं पोर, जनावर कळतं, एवढीच माझी लायकी सायबाला दिसली, आणि ती बरोबर होती. माझ्या ताब्यात एक तांबूस खेचर होतं, डावा कान चिरलेला. दहा महिने मी त्याच्या दोरीला होतो की ते माझ्या, हे सांगता येणार नाही. चढावर ते थांबलं की मी थांबायचो. मी तापानं पडलो तेव्हा त्याच्याच पाठीवर दोन दिवस वाहून आलो. मग पाऊस लागला, वाटा बुडाल्या, विमानातून पडणारं रसद-पाणी आमच्याऐवजी जंगलात पडू लागलं. अकराव्या दिवशी हुकूम आला. दोरी मीच धरली होती. बाकीचं मी इथं सांगत बसणार नाही. रात्री आग लावायला बंदी होती म्हणून मांस अर्धं कच्चं होतं, आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतलं, एवढंच सांगतो. कारण खरं सांगायचं तर पूर्ण सांगावं.

लढाई संपल्यावर वर्षभरानं घरी आलो. वडील मी ब्रह्मदेशात असतानाच गेले होते, पत्र तीन महिन्यांनी मिळालं होतं. म्हातारे पाटीलही गेले होते, त्यांचा मुलगा पाटील झाला होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, हसरा माणूस. गावानं माझं कौतुक केलं ते साधारण आठ दिवस. पारावर बसवून विचारायचे, तिकडं ज्वारी होती का? पाऊस किती? जपानी दिसायला कसा? मी सांगायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांना उत्तर नको आहे, प्रश्न विचारल्याचं समाधान हवं आहे. नवव्या दिवशी कुणी विचारलं नाही. भावाची लेकरं मला पाहुण्यासारखी वागवायची. आईला माझं काय करावं हे कळेना, म्हणून ती मला सारखी जेवायला वाढायची.

शेतात काम करताना हात चालायचे, पण बैलाची दोरी हातात आली की मी थबकायचो. भाऊ म्हणायचा, "काय झालं?" मी म्हणायचो, काही नाही. सहा महिन्यांत मी "काही नाही" इतक्या वेळा म्हणालो की भावानं विचारणं सोडलं. भर घरात राहून माणूस किती एकटा पडू शकतो हे मला फौजेनं नाही, घरानं शिकवलं.

संध्याकाळी मी काकांच्या वसरीवर जाऊन बसू लागलो. त्यांचं घर समोरच. आता ते पंचावन्नच्या आसपास असतील, पण गाव त्यांना म्हाताराच म्हणायचं. आम्ही फारसं बोलायचो नाही. ते दोऱ्या वळायचे, उत्तम वळायचे, गावातल्या निम्म्या बैलांच्या गळ्यात त्यांचीच दोरी असायची. त्यांच्या हातच्या दोरीला विटाळ नव्हता, फक्त त्यांच्या थाळीला होता. मी नुसता बसायचो. पण त्या बसण्यात मला बरं वाटायचं. गावात एवढा एकच ओटा होता जिथं मला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

एका संध्याकाळी त्यांनी दोरी वळायची थांबवली. माझ्याकडं न बघता विचारलं, "तिकडं खायाचं कसं व्हतं?"

पंचवीस-सव्वीस वर्षांत या माणसानं कुणाला काही विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "बिस्किटं मिळायची. डाळ असायची."

"सारे दिवस?"

"सारे दिवस."

"बराबर," ते म्हणाले, आणि पुन्हा दोरी वळायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं झालं लेकरा. बिस्किटं बरी."

मी खोटं का बोललो? तेव्हा माझ्याकडं तयार उत्तर होतं. आई माझ्यासाठी कळमनुरीकडची एक मुलगी बघून राहिली होती. बोलणी पक्की होत आली होती. अशा वेळी "ह्यानंबी खाल्लं" हे शब्द या आळीतून त्या आळीत जायला किती वेळ लागतो? भिंतीला कान असतात, आणि आमच्या गावात भिंतीच नव्हत्या, कूडच होते. शिवाय काकांनीच नव्हतं का सांगितलं, बोलू नको म्हणून? मी त्यांचाच उपदेश त्यांच्यावर चालवला आणि वर मनात म्हणालो, बघा, कसा शहाणा आहे मी.

महिन्याभरानं चंपाषष्ठी आली. चार महिने वर्ज्य केलेली वांगी त्या दिवशी सुटतात. पहाटेपासून माळावर भरताचा धूर चालला होता. वाघ्या माझ्यासमोर आला. मी चिमूट उचलली. आवाज चढवून म्हणालो, "देवापाशी माझं काही झाकलेलं न्हाई." हळद कपाळाला लावली. कुणी माझ्याकडं पाहिलंही नाही, पुढच्याची पाळी आली. मी आत जाऊन बसलो, पत्रावळ पुढं आली, भाकरी पडली. मान वर केली तर आवाराच्या तुटक्या भिंतीवरून लिंब दिसत होता, आणि लिंबाखाली पाठ ताठ करून बसलेले काका. ते माझ्याचकडं बघत होते. रागानं नाही. एखाद्याची गाडी सुटताना आपण बघतो तसं.

मी सगळं जेवलो. भरीत चांगलं झालं होतं. ते चांगलं झालं होतं याचाच मला जास्त राग आला.

फाल्गुनात लग्न झालं. बायको घरात आली. कमी बोलणारी आणि कामाला वाघ. तिलाही मी काही सांगितलं नाही. ती रात्री कधी विचारायची, "आवं, झोपेत कुनाची दोरी वढता?" मी कूस बदलायचो.

पुढच्या वर्षी मुलखात धामधूम सुरू झाली. इंग्रज गेले, पण आमच्याकडं निजामाचंच राज्य राहिलं, आणि लुटारूंच्या टोळ्या गावं जाळत फिरू लागल्या. बायका-लेकरं बैलगाड्यांत घालून लोक वऱ्हाडात सोयऱ्यांकडं गेले. माझी आई, बायको, भाऊ, सगळे गेले. गावात पंधरा-वीस पुरुष उरले. पाटील आमच्या दोघांकडं आले आणि म्हणाले, "तुमी दोघं फौजेतले. वेस तुमी बघा." एरवी काकांच्या दारावरून जाताना जे मान वळवायचे, तेच आता म्हणत होते, काका, तुमच्यावर भरवसा आहे.

ते नऊ-दहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत बरे महिने होते, हे बोलायला विचित्र वाटतं. वेशीच्या बुरुजावर आम्ही दोघं. त्यांनी मला रिकाम्या डब्यांत खडे भरून दोरीला बांधायला शिकवलं, कुणी दोरीला अडखळला की डबे वाजावेत म्हणून. मी त्यांना जंगलात ऐकायचं कसं ते दाखवलं. तीस वर्षांच्या अंतरानं दोन मुलखांत शिकलेली विद्या एकाच दोरीला लटकत होती. एकदाच डबे वाजले, आणि ते पाटलांचं चुकार वासरू निघालं. काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते.

भाकरी ते थापायचे. माझ्यासाठी वेगळी पितळी, स्वतःसाठी तामचिनीची थाळी. चंपाषष्ठी आली आणि गेली; माळावर पंगत बसली नाही, देवाला आम्ही दोघांनी जाऊन हळद वाहिली. परत आल्यावर मी म्हणालो, "काका, आज एकाच थाळीत खाऊ." आणि हात पुढं केला.

त्यांनी थाळी मागं ओढली. "तू पंगतीतला माणूस. तुझं लगीन झालंय. तुझ्या बायकोनं काहून भोगावं?"

तेव्हा सांगायचं होतं. आम्ही दोघंच होतो, ऐकायला चिटपाखरू नव्हतं. शब्द जिभेवर आला होता. आणि मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. त्यांनी थाळी मागं ओढली म्हणून सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला अजून वाटते आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

भादव्याच्या सुमाराला हिंदुस्थानची फौज आली, निजामाची फौज चार-पाच दिवसांत शरण गेली, आणि पोळ्याला गेलेले बैल परत यावेत तशी माणसं गावात परत आली. घरं झाडली, कूड लिंपले. पाटलांनी जाहीर केलं, औंदाची चंपाषष्ठी दोन वर्षांची मिळून करायची. जो तो कामाला लागला. बुरुजावरची डब्यांची दोरी काढून टाकली. काका पुन्हा आपल्या वसरीवर गेले, आणि पुन्हा कुणी त्यांच्या दारात थांबेना. गरज सरो नि वैद्य मरो. माझं डोकं फिरलं ते तिथं. वेस सांभाळायला हा माणूस चालतो आणि भाकरी मोडायला चालत नाही? मी मनाशी ठरवलं, या वर्षी भंडार समोर आला की सांगायचं. सगळ्यांसमोर. मग मला बाहेर बसवतील, आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन बसेन. लिंबाखाली दोघांची पंगत होईल. मला ते चित्र फार आवडलं होतं. आपण काहीतरी मोठं करणार आहोत असं वाटणं हीसुद्धा एक नशाच असते.

त्या सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती वांगी भाजत होती. तिनं ऐकून घेतलं, एक वांगं उलटवलं, मग म्हणाली, "म्हंजे दोरी त्याची व्हती व्हय." आणि थोड्या वेळानं, "सांगायचं तर जेवायच्या आधी सांगा. मागून सांगून लोकांचा घास कडू करू नका." एवढंच. दीड वर्ष मी या बाईला घाबरून गप्प होतो.

माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. काका लिंबाखाली येऊन बसले होते, थाळी पुढ्यात. वाघ्या माझ्यासमोर आला. मी चिमूट उचलली, ताटात परत ठेवली आणि म्हणालो, "माझं झाकलेलं हाय."

गलका थांबला. आई पदर तोंडाला लावून बघत होती. मी सांगितलं. खेचर, पाऊस, अकरावा दिवस. दुसऱ्यांदा मागून घेतलं तेही. आणि दोन वर्षांपूर्वी इथंच खोटा भंडार उचलला तेही. सांगताना आवाज भिंतीपलीकडं जाईल एवढा चढवला होता मी. मला तो तिकडंच पाठवायचा होता.

सांगून झालं. मी निवाड्याची वाट बघत उभा राहिलो.

पाटील म्हणाले, "बरं मंग? लढाईत कोन सोवळं पाळून राहिलंय? उचल भंडार. भाकऱ्या गार व्हऊन राहिल्या."

कुणीतरी म्हणालं, "अर्धं गाढवच ते, त्याचं काय एवढं." पंगत हसली. वाघ्यानं स्वतःच माझ्या कपाळाला हळद फासली आणि ताट घेऊन पुढच्याकडं वळला. झालं. माझं एवढं मोठं पाप पिठलं वाढायच्या वेळेत निकालात निघालं.

मी तिथंच उभा. म्हणालो, "मंग काकांचं काय?"

पाटलांनी मागं वळून लिंबाकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं, ना राग, ना कावा. म्हणाले, "काकांना कोन आडवलंय? काका, या की आत. आमाला वाटलं, तुमाला तिथंच बसायला आवडतं."

कुणी सरकून जागाही केली. बसा काका, बसा, असं दोन-चार जण म्हणाले. मनापासून म्हणाले, हे मला सांगितलं पाहिजे. ज्यांनी निवाडा केला ते पंच केव्हाच गेले होते, आणि त्यांच्या मुलांना निवाडाच आठवत नव्हता. घोडा आठवत होता, गोष्ट म्हणून. वाढपी वरून भाकरी टाकायचा, कारण त्याचा बाप तशी टाकायचा.

काका उठले. थाळी हातात घेतली. मला वाटलं, आत येताहेत. ते भिंतीपर्यंत आले, पंगतीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नीट पाहिलं, मोजल्यासारखं. मग थाळी काखेत मारली आणि उताराकडं चालू लागले. थाळी रिकामी होती, त्यांना अजून वाढलंच नव्हतं.

मी धावत गेलो. ओढ्यापाशी गाठलं. "काका, चला ना. सगळे बोलावून राहिले."

"ऐकलं."

"मग?"

ते थांबले. काठी रेतीत रोवली. "तीस वर्सं होत आली," ते म्हणाले. "मी समजत व्हतो, त्यांनी मला बाहीर बसवलंय. म्हनून बसता येत व्हतं. आज कळलं, कुनी बसवलंच न्हवतं."

मी म्हणालो, "मी तुमच्यासाठीच सांगितलं, काका."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "गावाला सांगू नको म्हनलो व्हतो मी तुला. मला सांगू नको असं कवा म्हनलो? वसरीवर मी इचारलं व्हतं. बुरजावर सारा हिवाळा दोघंच व्हतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला माहीत व्हतं रे. आल्या दिवसापासनं माहीत व्हतं. दोरी धरताना तुझा हात बघितला व्हता मी. पर तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं व्हतं. लई नड व्हती मला तवा."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढूनही घेतला. "जा. जेव. पंगत सोडू नये." आणि ओढा उतरून पलीकडं गेले. पाठ तशीच ताठ. त्यानंतर त्यांच्या वसरीवर मी बऱ्याचदा जाऊन बसलो, आणि ते दोरी वळत राहिले, पण त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

मी माळावर परत आलो. माझी जागा कुणीतरी घेतली होती. शोधली असती तर दुसरी मिळाली असती. आत जाववेना. मी लिंबाच्या बुडाशी बसलो. तिथली जमीन एवढ्या वर्षांच्या बसण्यानं गुळगुळीत झाली होती. मुळाशी जुन्या वर्षांतले भरताचे डाग असतील म्हणून पाहिलं, पण तिथं नुसत्या मुंग्या होत्या. आत हशा चालला होता. पाटील कुणाला तरी आग्रह करत होते. माझी बायको बायकांच्या ओळीतून मान उंच करून मला शोधत होती, पण मधे माणसं फार होती.

थोड्या वेळानं वाढपी बाहेर आला. लिंबाखाली कोण बसलंय हे त्यानं बघितलंही नाही. दोन हात वरून भाकरी टाकली, भरताचा गोळा सोडला आणि परत फिरला. माझ्या पुढ्यात पत्रावळसुद्धा नव्हती. भाकरी मी ओंजळीत झेलली, भरीत मातीत पडलं.

मला बोलवायला कुणी आलं नाही. त्यांना वाटलं असेल, मला तिथंच बसायला आवडतं.